याना कपडा कोन शिवस? : सुपरहिरोंचे 'डार्क' रीबूट, सोप्या भाषेत

२०२५ च्या जुलैत नवा सुपरमॅन आला तेव्हाची गोष्ट. मामा चोपड्याहून जळगावला आलेले, केळीच्या पेमेंटचं काहीतरी काम होतं, ते दुपारपर्यंत आटोपलं आणि पोराने हट्टच धरला म्हणून आम्ही तिघं पिक्चरला जाऊन बसलो. दहा मिनिटं झाली नसतील, मामा माझ्या कानाशी वाकले, "हाऊ तोच शे का रे भो?" मी म्हटलं हो, सुपरमॅनच आहे. मामा थोडा वेळ गप्प. मग, "पन तो ते मरी गया ना!"

मामांचं चुकलं काहीच नव्हतं. २०१६ चा बॅटमॅन-सुपरमॅनच्या भांडणाचा पिक्चर त्यांनी टीव्हीवर हिंदीत पाहिला होता आणि त्यात सुपरमॅन खरंच मरतो, त्याला पुरतात पण. मी म्हटलं मामा तो वेगळा, हा वेगळा. तर म्हणे, मग हा त्याचा भाऊ का?

इंटरव्हलपर्यंत असे आठ-दहा प्रश्न झाले आणि त्यातला एक तर माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही, "याना कपडा कोन शिवस?" म्हणजे ह्याचे कपडे शिवतो कोण. आणि त्याच्याच मागोमाग "पैसा कोठेन येस?" पोरगं हसत होतं, पण खरं सांगू का, गेल्या वीस वर्षांत हॉलिवूडने सुपरहिरोंचं जे काही केलंय ते समजून घ्यायला मामांचे हे दोन प्रश्न पुरतात. म्हणून हे लिहायला बसलो.

रीबूट म्हणजे नक्की काय

शब्द कॉम्प्युटरचा आहे. मशीन हँग झालं की आपण बंद करून परत चालू करतो, आधी उघडलेलं सगळं जातं आणि पाटी कोरी होते. पिक्चरमध्ये पण तेच. नाव तेच, पात्र तेच, पण आधीच्या पिक्चरांत जे घडलं ते घडलंच नाही असं धरायचं आणि गोष्ट नव्याने मांडायची, बहुतेक वेळा हिरोपासून सगळे नवीन.

केळीवाल्यांना मी हे वेगळ्या पद्धतीने सांगतो. घड कापला की त्याच बुडातून आलेलं पील राखून त्याच्यावर पुढचं पीक घ्यायचं ती पिलबाग. लागवडीचा खर्च वाचतो, मुळं आधीच धरलेली असतात. हा झाला सिक्वेल, म्हणजे भाग दोन, भाग तीन. पण पिलबाग किती वेळा घेणार, एक-दोनदा ठीक, पुढे घड बारीक पडायला लागतो, रोग धरतो, मग माणूस बाग मोडतो, नांगर घालतो आणि नवीन रोपं लावतो. शेत तेच, विहीर तीच, वाण पण तोच राहतो, झाड मात्र कोरं. हा रीबूट.

रिमेक वेगळा. तिथे एकच जुनी गोष्ट परत सांगतात, १९७८ चा अमिताभचा डॉन २००६ मध्ये शाहरुखला घेऊन केला तसं. रीबूटमध्ये गोष्ट जुनीच पाहिजे असं काही नसतं, पात्र आणि त्याचं जग उचलायचं आणि पुढे मोकळं रान.

आता मामांचा गोंधळ उडाला त्याचं कारण असं की हॉलिवूडवाले पोस्टरवर "आम्ही बाग मोडली बरं का" असं लिहीत नाहीत. २०२२ मध्ये रॉबर्ट पॅटिन्सनचा बॅटमॅन आला, त्याचा दुसरा भाग यायचा आहे, आणि त्याच कंपनीने दुसऱ्याच एका बॅटमॅनचा पिक्चर पण जाहीर करून ठेवलाय जो नव्या सुपरमॅनच्या जगात राहणार. म्हणजे एकाच शेतात शेजारी-शेजारी दोन बागा, दोघांना पाणी एकाच विहिरीचं. मामांना मी हे सांगितलेलं नाही.

बाग मोडायची वेळ कधी येते

सगळ्यात स्वच्छ उदाहरण बॅटमॅनचंच आहे. १९८९ मध्ये टिम बर्टनने मायकेल कीटनला घेऊन पिक्चर केला, जोरात चालला, १९९२ ला दुसरा, १९९५ ला तिसरा (हिरो आणि डायरेक्टर बदलले पण मालिका तीच), आणि १९९७ ला चौथा, ज्यात जॉर्ज क्लूनी बॅटमॅन आणि अर्नोल्ड श्वार्झनेगर बर्फवाला व्हिलन. तो ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे. रबराच्या सूटला छातीवर स्तनाग्रं काढलेली, हिरोकडे स्वतःचं बॅट-क्रेडिट कार्ड, आणि दर पाच मिनिटाला नवीन गाडी, नवीन बोट, नवीन सूट, कारण प्रत्येकाचं खेळणं करून दुकानात विकायचं होतं. पिक्चर कमी आणि खेळण्यांचा कॅटलॉग जास्त.

खर्च साधारण साडेबारा कोटी डॉलर, जगभरातून जमा चोवीस कोटीच्या आसपास. वाचायला डबल वाटतं, पण तिकिटाच्या पैशातला जवळपास निम्मा वाटा थेटरवाल्यांकडे राहतो आणि जाहिरातीचा खर्च त्या साडेबारात धरलेलाच नसतो. कापसाची पट्टी हातात आली आणि त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा केलं की शेतकऱ्याचा चेहरा जसा होतो तसा चेहरा कंपनीचा झाला. पाचवा पिक्चर ठरत होता तो गुंडाळला, आणि पुढची आठ वर्षं बॅटमॅनचा एक पण पिक्चर नाही.

दुसरं कारण जास्त रुक्ष आहे, कागदपत्रांचं. स्पायडरमॅनचे पिक्चरचे हक्क मार्व्हल ह्या कॉमिक्सवाल्या कंपनीने सोनी ह्या पिक्चरवाल्या कंपनीला दिलेत, पण कसे, तर समजा मी तुमचं शेत कसायला घेतलं आणि करारात लिहिलंय की अमुक वर्षं पडीक ठेवलं तर शेत मालकाकडे परत. मग पाऊस असो नसो मी काहीतरी पेरणारच. टोबी मॅग्वायरच्या मालिकेचा चौथा भाग २०१० मध्ये रद्द झाला, आणि २०१२ ला अँड्र्यू गारफिल्डला घेऊन नवी सुरुवात हजर, जुन्या मालिकेचा पहिला भाग येऊन फक्त दहा वर्षं झालेली. ह्याच्याही वरचा नमुना म्हणजे फँटॅस्टिक फोर, त्याचे हक्क हातातून जाऊ नयेत म्हणून एका जर्मन निर्मात्याने अगदी किरकोळ पैशात घाईघाईने एक पिक्चर करून घेतला, १९९४ ला येणार होता, आणि आजपर्यंत तो थेटरात लागलेलाच नाही! हक्क टिकले, काम झालं.

'डार्क' म्हणजे रात्रीचं शूटिंग नव्हे

२००५ मध्ये ख्रिस्तोफर नोलनने क्रिश्चियन बेलला घेऊन बॅटमॅन परत पहिल्यापासून लावला. पेपरवाल्यांनी दोन शब्द चिकटवले, डार्क आणि रिअलिस्टिक, आणि तेव्हापासून ते असे काही वापरले गेले की आता अर्थच उरला नाही. हिरो दाढी वाढवून पावसात उभा राहिला की डार्क.

मला विचाराल तर तो पिक्चर एवढंच करतो की मामांच्या प्रश्नांना उत्तरं देतो.

कपडे कोण शिवतो? त्यात चक्क दाखवलंय. सूट हा त्याच्याच बापाच्या कंपनीने सैनिकांसाठी बनवलेला, महाग पडला म्हणून सैन्याने घेतला नाही, तळघरात पडून होता, त्याला काळा रंग दिला. गाडी पण तशीच, सैन्याला नदीनाल्यांवर पूल टाकायला बनवलेलं धूड, पूल काही जमला नाही पण गाडी राहिली. आणि माझा सगळ्यात आवडता भाग मुखवट्याचा आहे. एक मुखवटा मागवला तर कोणीतरी विचारणार कशाला पाहिजे, कोणाला पाहिजे, म्हणून तुकडे वेगवेगळ्या कंपन्यांकडून मागवायचे आणि संशय नको म्हणून ऑर्डर द्यायची थेट १० हजारांची. त्यातला पहिला लॉट निघतो खराब, एका फटक्यात तडकतो. ज्याने कधी ठिबकच्या नळ्या होलसेलमध्ये मागवल्यात आणि निम्मा माल चिरलेला निघालाय त्याला हा सीन बघून जवळचं कोणीतरी भेटल्यासारखं होईल.

पैसा कुठून येतो हे पण आहे, कंपनीत कोणाचे किती शेअर, कोण कोणाला बाहेर काढतोय. मार लागतो तो दुसऱ्या दिवशी अंगावर दिसतो, काळानिळा. आणि पूर्ण पोशाखातला बॅटमॅन पडद्यावर यायला जवळजवळ तासभर जातो. एवढा वेळ काय करतात? हिशोब. बाप मेल्यावर पोराने एवढी वर्षं काय केलं, कुठे शिकला, शहर कशामुळे सडलं, पोलिसांत कोण कोणाकडून खातो.

शूटिंग पण त्याच नियमाने. ती गाडी खरी बनवली आणि खरी पळवली. २००८ च्या दुसऱ्या भागात भर रस्त्यात अख्खा ट्रक उभा पलटी होतो तो शिकागोत खरा पलटी केलाय, आणि जे हॉस्पिटल उडतं ती पाडायला काढलेली गोळ्या-चॉकलेटची बंद फॅक्टरी होती. २०१२ च्या तिसऱ्या भागात हिरो खोल विहिरीसारख्या तुरुंगातून वर चढून येतो ना, तो वर आल्यावर मागे जो किल्ला दिसतो तो आपल्या जोधपूरचा मेहरानगड.

आणि डार्क? डार्क ह्या सगळ्याच्या पुढची पायरी आहे. एकदा कसं, कुठून, किती हे विचारायला लागलं की मग पुढचा प्रश्न येतोच, की ह्याची किंमत कोण मोजतो. गाड्या फुटल्या त्या कोणाच्या होत्या, ज्याला मारलं त्याच्या घरी कोण आहे, आणि हा माणूस कोणी निवडून दिलाय का. २००८ च्या पिक्चरमध्ये जोकर नावाच्या व्हिलनला पकडायला बॅटमॅन अख्ख्या शहराचे मोबाइल गुपचूप ऐकायच्या यंत्राला जोडतो, आणि त्याचाच विश्वासू माणूस म्हणतो हे चूक आहे, एवढी ताकद एकाच्या हातात नको. २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेत नेमका हाच वाद पेटला होता, की दहशतवादी सापडावा म्हणून सरकारने लोकांचे फोन ऐकावे का. बघा म्हणजे मामांचा प्रश्न होता कपडे कोण शिवतो आणि धागा ओढत ओढत आपण कुठे आलो.

"वटवाघळाचे कान लावून फिरणारा माणूस, आणि रिअलिस्टिक? काहीही!"

हे मला आमच्या ग्रुपवर कोणीतरी दर वेळेस ऐकवतं आणि ते बरोबर पण आहे. खरं सांगायचं तर हा रिअलिझम नव्हेच, ही उधारी आहे. प्रेक्षक एक मोठी थाप उधार देतो, चल, मानलं की हा माणूस असे कपडे घालतो. त्याच्या बदल्यात डायरेक्टरने बाकीचा सगळा व्यवहार रोखीने करायचा. दुसरी थाप मागितली की प्रेक्षक वही बंद करतो.

म्हणून हे प्रत्येक हिरोला झेपत नाही. बॅटमॅनकडे दैवी शक्ती काही नाही, पैसा, व्यायाम आणि डोक्यातला राग एवढंच भांडवल, त्यामुळे एका थापेत भागतं. जोकरचं तर अजून स्वस्तात भागलं, २०१९ चा पिक्चर म्हणजे एक आजारी, गरीब माणूस, ज्याला मिळणारी सरकारी मदत आणि औषधं बंद होतात, सुपरपॉवर नाही, उडणं नाही, खर्च सात कोटी डॉलरच्या आत आणि कमाई १०० कोटी डॉलरच्या वर, वर वॉकिन फीनिक्सला ऑस्कर. पण ज्याचे हात रबरासारखे वीस फूट लांबतात त्याला तुम्ही किती वास्तववादी करणार?

"आधीचं हसतंखेळतं होतं तेच खरं, हे डार्क नवीन फॅड आहे"

उलटं आहे. बॅटमॅन पहिल्यांदा छापला गेला मे १९३९ च्या डिटेक्टिव्ह कॉमिक्सच्या २७व्या अंकात, आणि तेव्हाचा बॅटमॅन चांगलाच काळा होता, त्या काळात तो बंदूक वापरायचा, त्याच्या हातून माणसं मरायची. (त्याला घडवलं बॉब केन आणि बिल फिंगर ह्या दोघांनी, नाव मात्र पुढची अनेक दशकं एकट्या केनचंच लागलं. फिंगर १९७४ ला गेला आणि त्याचं नाव अधिकृतपणे लागायला २०१५ उजाडलं. सगळ्यात डार्क गोष्ट मला तर हीच वाटते.) १९४० मध्ये रॉबिन नावाचा पोरगा जोडीला दिला, मग गोष्टी जरा हलक्या झाल्या.

खरा बदल १९५४ चा. कॉमिक्समुळे पोरं बिघडतात अशी ओरड अमेरिकेत झाली, तेव्हा प्रकाशकांनी घाबरून स्वतःच नियमावली केली, गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, पोलिसांची टिंगल नको, रक्त-भुतं नकोत. एवढे नियम लावल्यावर राहिलं काय, तर विनोद. १९६६ ची टीव्ही मालिका त्यातूनच आली, ज्यात मारामारीच्या वेळी पडद्यावर मोठ्या अक्षरात ढिशूम-ढाम छापून यायचं. मला ती मनापासून आवडते, पण ते बॅटमॅनचं मूळ रूप म्हणता येणार नाही. १९८६-८७ मध्ये फ्रँक मिलर आणि ॲलन मूर ह्या लेखकांनी कॉमिक्सला परत गंभीर केलं, मिलरने तर म्हाताऱ्या, दुखऱ्या गुडघ्यांच्या बॅटमॅनला उभं केलं, आणि नोलन त्यांच्याच वाटेने पुढे गेला. पिक्चरवाले कॉमिक्सच्या वीस वर्षं मागे होते एवढाच मुद्दा.

धुराचं भरीत आणि करपलेलं वांगं

नोलनच्या पहिल्या भागाने सदतीस कोटी डॉलरच्या आसपास आणले, दुसऱ्याने १०० कोटी ओलांडले, त्यात जोकर झालेल्या हीथ लेजरला मरणानंतर ऑस्कर मिळालं, आणि मग काय, गावात एकाला हळदीत पैसे झाले की पुढच्या वर्षी सगळी शिवारं पिवळी. जो तो डार्क.

भरिताचं वांगं आपण पऱ्हाट्यांवर भाजतो. वरून काळंठिक्कर होतं, पण खाताना ती काळी साल आपण काढून टाकतो, आत उतरलेला धुराचा वास तेवढा पाहिजे असतो. नकला करणाऱ्यांनी साल खाल्ली. रंग उडालेला पडदा, पाऊस, हिरोचं कपाळ आठ्यांनी भरलेलं, आणि आत हिशोब कोराच.

२०१५ चा फँटॅस्टिक फोर हा त्याचा नमुना, वर म्हटलं ना रबरी हातवाला, तोच. साधारण १२ कोटी डॉलर लावले, जगभरातून १७ कोटी पण झाले नाहीत, आणि थेटर-जाहिरातीचं गणित मघाशी केलंच आहे. २०१३ चा सुपरमॅन इतका वाईट नव्हता, पण त्यात शेवटी अर्धं शहर जमीनदोस्त होतं आणि ज्यांची घरं पडली त्यांच्याबद्दल पिक्चर फारसा बोलत नाही, लोक चिडले. गंमत म्हणजे तीन वर्षांनी आलेल्या पुढच्या पिक्चरमध्ये सुरुवातीलाच त्या पडणाऱ्या इमारती आहेत. म्हणजे हिशोब मागितला गेला आणि द्यावा लागला.

आता लंबक परत फिरलाय. २०२५ च्या सुपरमॅनला लाल चड्डी परत मिळाली, कुत्रा मिळाला, दिवसाचा उजेड मिळाला. त्याच महिन्यात आलेला नवा फँटॅस्टिक फोर पण साठच्या दशकातल्या रंगीत दुनियेत नेऊन ठेवलाय. दोन्ही रीबूटच, म्हणजे रीबूट डार्कच असतो असं काही नाही. अजून दहा-पंधरा वर्षांनी कोणीतरी कंटाळून परत दिवे घालवेल.

"मग पोरांना दाखवायचे का नाही?"

सुपरहिरो म्हणजे लहान मुलांचा हे गणित ह्या पिक्चरांनी मोडलंय. २०१७ चा लोगन आणि २०१९ चा जोकर ह्यांना अमेरिकेत सुद्धा १७ वर्षांखालच्यांना मोठ्या माणसाशिवाय सोडत नव्हते. आपल्याकडे आता यूए सर्टिफिकेटमध्ये ७+, १३+, १६+ असे तीन भाग केलेत, तिकीट काढताना तेवढं बघा, पोस्टरवरचा मुखवटा बघून ठरवू नका. माझ्या पोराला मी २००५ वाला दाखवला, २००८ चा अजून दोन वर्षं थांबवलाय, त्यातला जोकर मलाच झोपू देत नाही.

अजून एक, जाता जाता. २०२२ चा बॅटमॅन मी ज्या टॉकीजमध्ये पाहिला तिथला प्रोजेक्टरचा दिवा इतका मेलेला होता की जवळपास तीन तासांच्या पिक्चरमध्ये मला हिरोची हनुवटी आणि एक्झिटची पाटी एवढंच स्पष्ट दिसलं. मागच्या रांगेतून आवाज आला, भो, लोडशेडिंग हॉलिवूडमध्ये पण आहे का. ह्या असल्या डार्कला डायरेक्टर जबाबदार नाही, तेव्हा असे पिक्चर जरा बऱ्या पडद्यावर बघा.

धुळ्याच्या पुढे पन्नास किलोमीटर

मामांना परत जाताना बसस्टँडवर मी मालेगावच्या सुपरमॅनबद्दल सांगितलं. धुळ्याहून आग्रा रोडने पन्नास किलोमीटर, यंत्रमागांचं गाव, तिथे शेख नासिर नावाच्या माणसाने कमी पैशात गावातल्याच लोकांना घेऊन पिक्चर काढले. त्याच्या सुपरमॅनवर फैजा अहमद खान ह्यांनी केलेली डॉक्युमेंटरी २००८ ची आहे आणि रीमा कागतींचा हिंदी पिक्चर २०२५ च्या फेब्रुवारीत लागला. नासिरचा सुपरमॅन म्हणजे मागावर काम करणारा काडीपैलवान पोरगा, कॅमेरा सायकलवर, आणि व्हिलन गावाला तंबाखू खाऊ घालणारा. ते विडंबन आहे, रीबूट म्हणता येणार नाही, माहीत आहे मला. पण धूळ, डबकी, तंबाखू, पॉवरलूम, हिरोच्या हातात पैसा नाही हे पहिल्या फ्रेमपासून दिसतं, कोणाला काही विचारायची गरज पडत नाही.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. बस लागली, पिशवी आत ठेवली, आणि खिडकीतून वाकून म्हणाले, "त्याना कपडा ते गावमाच शिवेल व्हतीन."